समास सोडलेलं शहर

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला सगळ्यांत जास्त घाबरले ते बाबा, आणि हे त्यांनी कधीही कबूल केलं नाही. आई घाबरली नाही. तिने वितीने त्याची लांबीरुंदी मोजली आणि जुन्या साडीचं एक झाकण शिवलं, साडीचा काठ बरोबर पडद्याच्या माथ्यावर येईल असं. मीही घाबरले नाही, कारण तो माझ्यासाठीच आणला होता. मी अकरावीत होते आणि शाळेत त्याचा एक विषय नव्याने सुरू झाला होता. बाबा मात्र त्याच्याकडे पाठ करून बसायचे. बडोद्याच्या नागरवाड्यातल्या आमच्या घरात बाहेरची खोली एकच. एका भिंतीशी कॉम्प्युटर आणि समोरच्या भिंतीशी बाबांचा ड्रॉइंग बोर्ड, त्यामुळे पाठ करायला वेगळं कारण शोधावं लागत नसे.

बाबा ड्राफ्ट्समन होते. आमचे पणजोबा म्हणे सरकारी पागेत घोडेस्वार होते. त्यांच्या हातात भाला होता, बाबांच्या हातात शाईचं पेन आलं, आणि दोघांचाही हात कापत नसे असं आत्या सांगायची. बाबांनी आतापर्यंतची सगळी नोकरी एकाच आर्किटेक्टच्या ऑफिसात केली होती. दिवसभर तिथे काम करायचं आणि संध्याकाळी घरी बोर्डावर ट्रेसिंग पेपर ताणून कुणाच्या बंगल्याचा जिना, कुणाच्या दुकानाचा पोटमाळा काढत बसायचं. शाईची रेघ चुकली तर ती ब्लेडने खरवडावी लागते. त्या खरवडण्याचा आवाज, मागे आईच्या पोळपाटाचा आवाज आणि खाली गल्लीत स्कूटरला मारलेल्या किका, माझी सगळी शाळा या तीन आवाजांत झाली. बाबांच्या शर्टाला नकाशांच्या अमोनिया प्रिंटचा वास यायचा. आईला तो आवडत नसे. ती शर्ट वेगळे भिजवायची. मला आवडायचा, आणि आता तो वास जगातूनच गेला आहे.

तर त्या वर्षी गणपती उठल्यावर बाबांच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की दिवाळीनंतर ऑफिसात बोर्ड राहणार नाहीत. नकाशे कॉम्प्युटरवर निघतील. ज्याला शिकायचंय त्याने शिकून घ्यावं, ऑफिस फी भरेल. मग बाबांना एकट्याला थांबवून घेऊन ते म्हणाले, "तुम्ही मला जड नाही. पण नाही जमलं तर काय करायचं, ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नका." साहेब माणूस चांगला होता. म्हणून तर ते वाक्य बाबांना जास्त लागलं.

लहरीपुऱ्याच्या बाजूला एका दुकानाच्या वरती क्लास होता. बाबा तीन संध्याकाळी गेले. चौथ्या दिवशी चप्पल घातली, दारात उभे राहिले आणि चप्पल काढून परत आत आले. तिथे शिकवणारी मुलगी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. ती प्रत्येक वाक्याला 'अंकल' म्हणायची आणि त्यांचा हात धरून माऊस फिरवून दाखवायची. शेजारची पोरं हसत होती की नव्हती कुणास ठाऊक, पण बाबांना ती हसताना दिसली. "मला नाही जमणार," एवढंच ते बोलले. रात्री जेवताना त्यांनी आमटीत मीठ नसल्याचं सांगितलं नाही, त्यावरून आईने काय ते ओळखलं. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना ती मला म्हणाली, "पन्नाशीत दुसरीकडे कोण ठेवणार त्यांना? आणि ज्याला बोर्ड हवाय असं ऑफिस उरलंय कुठे?" ती माझ्याकडे न बघता बोलत होती. मी मेथीची पानं खुडत होते आणि मला फार भीती वाटली.

त्याच सुमारास जिग्नेश माझ्यासाठी एक खेळ घेऊन आला. जिग्नेश समोरच्या घरातला, कॉलेजात जाणारा. लोकांना कॉम्प्युटर जोडून द्यायचा, आमचाही त्यानेच जोडला होता. लहानपणापासून आमच्या ओट्यावर वाढल्यामुळे तो मराठी बोलायचा, पण त्या मराठीत गुजराती कुठे सुरू होते ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो खेळ शहर वसवण्याचा होता. मोकळी जमीन द्यायचे. आपण रस्ते काढायचे, वीज-पाणी न्यायचं, घरांची जागा आखायची. लोक आपोआप राहायला यायचे आणि मग तक्रारी करायचे. खेळाचं नाव लिहीत नाही. माझी मुलगी शोधून काढेल, त्यातली चित्रं बघेल आणि चार दिवस मला चिडवेल.

खेळ सुरू करताना तो पहिल्यांदा विचारायचा, नकाशा केवढा हवा? लहान, मध्यम की मोठा? मी मोठ्यावर बाण नेला तसा जिग्नेश ओरडला, "नाना लो, नाना, लहानवाला. हा डबा मोठा नाही ओढू शकणार. मग रोज मला हाक मारशील."

बोर्डाकडून आवाज आला. बाबांनी मान वळवली नव्हती. "का रे? कागद मोठा घेतला म्हणून पेन हळू चालतं का?"

"काका, ए कागळ नथी ने," जिग्नेश म्हणाला. "कागदावर घर काढलं तर ते गप बसतं. इथे घर बोलतं. हा डबा रोज एकेका घरी जाऊन विचारतो, पाणी आलं? लाइट आली? कचरा उचलला? कामावर पोचला का? सगळ्यांचं विचारून झालं का मग पुढचा दिवस. नकाशा रिकामा असेल तोपर्यंत काय वांधो नहीं. लोक राहायला आले का बघा."

"म्हणजे वॉर्डातल्या इन्स्पेक्टरसारखा."

"हा. पण आखा गावात एकच."

बाबांनी पेन झाकण लावून ठेवलं. कॉम्प्युटर आल्यापासून पहिल्यांदाच ते खुर्ची फिरवून त्याच्याकडे तोंड करून बसले. "मोठा घे," ते मला म्हणाले. "शहर आधी कागदावर काढलं पाहिजे. असं हाताला येईल तसं गाव वसवत नाहीत."

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून येताना आलेखाच्या कागदाचे चार मोठे ताव घेऊन आले. मी खेळातल्या नकाशाचे चौकोन मोजून दिले. बाबांनी ताव एकमेकांना जोडले आणि नवरात्र बसेपर्यंतचे सगळे दिवस ते आमचं शहर काढत बसले. कुणाचा जिना नाही की पोटमाळा नाही. मधे तलाव, त्याच्या भोवती जुनं गाव, एका बाजूने नदी, बाहेर रुंद रस्ते, पश्चिमेला कारखाने आणि गोदामं, कारण वारा तिकडून येत नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्या खेळात वाराच नव्हता. पण हे सांगायची माझी छाती झाली नाही. कागद पूर्ण झाला त्या दिवशी आईने वरणफळं केली होती. बाबांनी ताट मांडीवर घेऊन, त्या कागदाकडे बघत ती खाल्ली. घास तोंडाशी नेताना मधेच थांबून ते म्हणायचे, "दवाखाना जरा लांब पडतोय का?"

मग ते मागे उभं राहून सांगायचे आणि मी माऊस चालवायची. माऊसला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम होता. तो बोलून दाखवलेला नव्हता, पण आम्ही दोघंही पाळायचो. "आठवी ओळ, बारावा चौकोन, तिथून सरळ खाली." आठवडाभराने शहर उभं राहिलं. घरं आखली, वीज दिली, नळ दिले, आणि कुणीही राहायला आलं नाही. खेळातलं एक वर्ष गेलं, दोन गेली. रस्त्यांवर दिवे लागायचे नि विझायचे. बाबा अस्वस्थ झाले. "पाण्याचा दाब कमी पडतोय," म्हणाले. मी दोन टाक्या वाढवल्या. "बाजार लांब असेल." बाजार जवळ आणला. शेवटी जिग्नेश आला, दोन मिनिटं पडद्याकडे बघितलं आणि डोक्याला हात लावला.

"रस्तो बहार जातो कुठे?"

कुठेच जात नव्हता. बाहेरचे लोक नकाशाच्या कडेवरून आत येणार, तर एखादा तरी रस्ता कडेला टेकायला हवा. बाबांनी चारही बाजूंना समास सोडला होता. वर, खाली, उजवीकडे अर्धा इंच आणि डावीकडे दीड इंच. नकाशे बांधताना डावीकडे टाके पडतात, म्हणून ती जागा मोकळी ठेवतात. एवढंच नाही, खाली उजव्या कोपऱ्यात त्यांनी एक मोठा चौकोन रिकामा ठेवला होता. मी त्याला मैदान समजत होते. तिथे नकाशाचं नाव, मोजमाप आणि काढणाऱ्याची सही यायची होती.

"कडेपर्यंत कोण काढतं?" बाबा म्हणाले. "कागद कापताना रेघ जाते."

मी हसू दाबायचा खूप प्रयत्न केला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तिला जिग्नेशने समजावून सांगितलं, आणि ती पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली. मग बाबाच हसायला लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि त्यांच्या पाठीवर जिग्नेशने थापट्या मारल्या. "सावली गावाकडे एक ने, मुंबईकडे एक ने," ते डोळे पुसत म्हणाले. मी दोन रस्ते कडेला टेकवले. लोक आले. लहान लहान गाड्यांची रांगच लागली, आणि बाबा अगदी पडद्याला नाक लागेल इतके पुढे वाकून ती बघत होते.

जिग्नेशचं म्हणणं खरं होतं. नकाशा रिकामा होता तोवर दिवस झरझर जायचे. लोक वाढले तसा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. आधी गाड्या अडखळत चालू लागल्या. मग खेळातला एक दिवस उलटायला इतका वेळ लागायचा की आई तेवढ्यात तव्यावरची भाकरी उलटायची. रस्त्याचं बटन दाबलं की रस्ता लगेच उमटायचा नाही, तो आत कुठेतरी परवानगी मागत बसायचा. खालच्या चौकात गरब्याचे ढोल सुरू झाले होते आणि त्या ठेक्याशी पडद्यावरच्या गाड्यांचं काही केल्या जमत नसे. मला वैताग यायचा. बाबांना येत नसे. त्यांना सरकारी कामाची सवय होती.

एक दिवस मी शिकवणीहून घरी आले तर आई दारातच उभी. "आत जा, पण आवाज करू नकोस," ती कुजबुजली. "तुझ्या बाबांनी उंदीर धरलाय." मी पायातलं न काढताच डोकावले. बाबा माझ्या खुर्चीवर, बाह्या वर केलेल्या. गुण्या कागदावर दाबून धरतात तसा त्यांनी माऊस सगळ्या पंजाने दाबून धरला होता. पडद्यावर पश्चिमेच्या गोदामांना आग लागली होती. मी नव्हते आणि खेळ चालू राहिला होता, कारण तो बंद कसा करायचा ते बाबांना ठाऊक नव्हतं. आग बघून ते आधी आईला हाक मारून मोकळे झाले. आई म्हणाली, "मी काय पाणी घालू?" तेव्हा कुठे ते उठले.

त्या दिवशी मी त्यांना मदत केली नाही. दाराशी उभी राहून बघत होते. बाण आधी तलावात गेला, मग भलत्याच गल्लीत. बंबाचं बटन दोनदा हुकलं. पण आग कुठेच पळत नव्हती. एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात जायला ती इतका वेळ घेत होती की बाबांना चष्मा वर करून घाम पुसता आला. तिसऱ्यांदा बटन लागलं. बंब निघाला, सावकाश, बैलगाडीच्या चालीने, आणि पोचला. सहा गोदामं गेली, बाकी वाचली. बाबांनी माऊस सोडला आणि बोटं उघडमीट करून पाहिली. "क्लासात सगळं फार भराभर चालायचं," ते मला उद्देशून की स्वतःशी म्हणाले. "हे बरंय."

नेमकं काय झालं ते मला त्या क्षणी समजलं. तो डबा मंद होता म्हणून बाबांना जमत होतं. भला मोठा नकाशा, त्यावर सगळं गाव, आणि त्या ओझ्याखाली रखडत चालणारा एकेक दिवस, इतक्या सावकाशीने त्यांना दुसरीकडे कुणीच शिकवलं नसतं. पुढच्याच आठवड्यात जिग्नेशने कुठून तरी मेमरीची जास्तीची पट्टी मिळवली आणि लावून देतो म्हणाला. मी त्याला जिन्यातच अडवलं. "नको. दिवाळीपर्यंत नको."

"पागल थई गई? तूच रडत होती ने, स्लो स्लो करून?"

"असू दे स्लो."

त्याने खांदे उडवले. पट्टी त्याच्याच खिशात राहिली. बाबांना यातलं काही कळू दिलं नाही. माझ्या त्या वयातल्या शहाणपणाच्या ज्या गोष्टींचा मला आजही राग येत नाही, अशा फार थोड्या आहेत, त्यांतली ही एक.

त्यानंतर रोज संध्याकाळी आधी बाबा आणि मग मी. ड्रॉइंग बोर्डावर आईने कपड्यांच्या घड्या ठेवायला सुरुवात केली आणि बाबांनी तिला हटकलं नाही. माऊसवरचा त्यांचा पंजा हळूहळू सैल झाला, मग नुसती बोटं राहिली. पण मोठ्या नकाशाचे दिवस भरत आले होते. गाव वाढत गेलं आणि शेवटी एका संध्याकाळी पडदा गोठला. बाण हलेना, गाड्या हलेनात. अर्धा तास आम्ही तसेच बसून होतो. जिग्नेशने येऊन कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शहर परत आलं, पण दहा मिनिटांनी पुन्हा गोठलं. "आता दोनच रस्ते," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून, पट्टीचं नाव न काढता, थांबला. "नाहीतर नाना नकाशा घ्या. हेच गाव, नानं करून."

 बाबांनी आलेखाचे ते चार ताव काढले, जमिनीवर पसरले आणि मांडी घालून बसले. "गाव एका कागदात मावलं नाही तर आम्ही कागद वाढवतो," ते म्हणाले. "दुसरा ताव जोडायचा, जोडाची रेघ दाखवायची. गाव कुणी कापत नाही." जिग्नेश म्हणाला, "इथे कागद एकच आहे, काका." बाबांनी मान डोलावली. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि माझ्या हातात फूटपट्टी दिली.

त्या संध्याकाळी आम्ही निम्म्याहून जास्त शहर खोडलं. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलंही नाही. माझी एक वसाहत होती, उत्तरेला, गोल रस्त्यांची. ती मी एकटीने केली होती. बाबांची पेन्सिल तिच्यावर येऊन थांबली. "हिचं काय करू, मंजू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काढून टाका." त्यांनी लगेच काढली नाही. जिग्नेशने सांगितलेली ती घरोघर विचारत फिरायची गोष्ट त्यांच्या लक्षात होती. ते म्हणाले, "डब्याला दम कशाने लागतो? माणसं लांब लांब जातात, त्यांना शोधत हिंडावं लागतं म्हणून. घरापासून शाळा दोन चौकोनांवर, बाजार तीन चौकोनांवर ठेवला तर त्याला कमी हिंडावं लागेल." हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते नकाशाकडे बघून त्यांनीच काढलं होतं. जिग्नेश त्यांच्याकडे बघतच राहिला. रुंद रस्ते गेले, मोकळी मैदानं गेली, तलाव विहिरीएवढा झाला. माझे गोल रस्ते गेले, पण त्यातली शाळा त्यांनी उचलून जुन्या गावात आणून ठेवली.

लहान नकाशावर ते शहर पळायला लागलं. घरं, शाळा, दुकानं सगळं एकमेकांना चिकटून, आणि कॉम्प्युटरला कुठे धाप नाही. आता आग लागली तर ती खरोखरच्या आगीसारखी पसरायची. पण बाबांचा हात तोवर तयार झाला होता. धनतेरसच्या संध्याकाळी एका घराने पेट घेतला, तर मी तोंड उघडायच्या आत बंब दारात. आई पणत्या लावत होती. ती म्हणाली, "अहो, तेवढ्या चपळाईने गॅसचा सिलिंडर बदला कधी."

माझी मुलगी हल्ली असाच एक खेळ खेळते. तिचा नकाशा इतका मोठा आहे की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला पडदा दहादा सरकवावा लागतो, आणि त्यातला माणूस घरातून निघून दुकानात जाताना ओळखू येतो. आमच्या त्या डब्यापेक्षा तिचं मशीन किती पटीने मोठं असेल, ते विचारायला मी जात नाही. तरी परवा ती ओरडत होतीच, "मम्मी, हँग होतंय!" मशीन वाढलं की खेळवालेही नकाशात आणखी काहीतरी भरतात, दिवाळीत आईने नवा डबा काढला की फराळ त्याच्याही वर एक मूठ व्हायचा तसं. मी तिला म्हटलं, शाळा घराजवळ आण. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं.

बडोद्यात दिवाळीनंतर लाभपाचमेला दुकानं-ऑफिसं पुन्हा उघडतात. त्या सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, देवाला नमस्कार केला आणि आईने हातावर दही-साखर ठेवली तेव्हा ती खाल्ली. दिवसभर आई आणि मी एकमेकींशी भाजीपाल्याखेरीज काही बोललो नाही. संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. मला बाबांची पावलं कळतात. पण ती वर चढताना जलद होती की सावकाश, ते कळेना, कारण मीच श्वास धरून ठेवला होता. ते आत आले. हातात डबा होता. "सेव-उसळ आहे," म्हणाले. "गरम आहे तोवर पाव काढा."

मग पावाचा तुकडा रश्शात बुडवत त्यांनी सांगितलं. सावलीकडच्या एका कारखान्याच्या कामगार वसाहतीचा नकाशा होता. नव्या दोन पोरांनी सगळं एकाच फाइलीत भरलं होतं आणि ती फाइल उघडायलाच अर्धा तास लागत होता. साहेब मागे उभे. बाबांनी बसून पाहिलं. गटारांच्या नकाशात झाडं होती आणि प्रत्येक झाडाला एक एक करून पानं काढलेली होती. घराघरांत पलंग आणि टेबलं होती. "मी म्हटलं, अरे बाळांनो, गटार बघायला आलेल्या माणसाला पलंग कशाला दाखवता? त्याचे भाग पाडा. झाडं वेगळी, घरं वेगळी, गटारं वेगळी." पोरं बटनं सांगत गेली आणि माऊस बाबांनी चालवला; ते सगळं वेगळं करायला त्यांना दुपार लागली. माऊसवरचा हात दोनदा थरथर कापला, हेही त्यांनी सांगितलं. पण मग फाइल झटकन उघडली. साहेबांनी फक्त विचारलं, "क्लास पूर्ण केलात?" बाबा म्हणाले, "घरी शिकलो. मुलीने शिकवलं." आई उठून आत गेली आणि बराच वेळ आत फक्त नळाचा आवाज येत होता.

नोकरी राहिली. निवृत्तीपर्यंत राहिली. आणि आमचा खेळ गेला, हे मात्र मी कधी धरलंच नव्हतं. सगळा दिवस पडद्यासमोर बसून बाबा घरी यायचे तेव्हा त्यांचे डोळे लाल झालेले असायचे. मी खुर्ची ओढून द्यायची आणि ते म्हणायचे, "आज नको गं. तू कर, मी ऐकतो." डोळ्यांवर गार पाण्याची पट्टी ठेवून ते पलंगावर पडायचे. जिग्नेशने मेमरीची पट्टी लावून दिली. आता मोठा नकाशाही सुरळीत चालला असता. मी दोन दिवस एकटीने खेळून पाहिलं. मागून कुणी ओळ-चौकोन सांगत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी आईने शिवलेलं झाकण त्याच्यावर घातलं आणि अभ्यासाला लागले. मला बाबांचा राग आला होता, आणि ज्याला नोकरी टिकवायला मीच मदत केली त्याच्यावर रागवायचं कसं, हे कळत नव्हतं.

पण रोज जेवताना ते विचारायचे, "काय म्हणतंय गाव?" पहिल्या दिवशी खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "नवी शाळा बांधली." बाबांच्या चेहऱ्यावर इतकं बरं वाटलेलं दिसलं की दुसऱ्या दिवशी मी दवाखाना बांधला. मग मला सवयच लागली. दुपारी अभ्यास करता करता मी रात्रीचं शहर रचून ठेवायची. बसस्टँड, भाजीबाजार, उत्तरेला परत गोल रस्ते. बाबा घास थांबवून विचारायचे, "आधी गटार केलीस ना?" मी म्हणायची, केली. अशी सगळी थंडी गेली आणि उन्हाळा आला. झाकणाखाली तो कॉम्प्युटर मी अभ्यासापुरताही क्वचितच उघडायची.

वैशाखातल्या एका रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. आमरस होता आणि वर पंखा नुकताच फिरायला लागला होता. बाबांनी विचारलं, "काय म्हणतंय गाव?" मी म्हटलं, "आज दुपारभर बसून नदीवर पूल बांधला."

आई आमरस वाढत होती. ती सहज म्हणाली, "दुपारी कसला पूल? अगं, लाइट आत्ता आली, तुम्ही जेवायला बसल्यावर. सकाळपासून गल्लीत नव्हती."

 मी वर बघितलंच नाही. ताटातल्या पोळीचे तुकडे करत राहिले. खूप वेळ गेला असं मला वाटलं, पण तेवढा गेला नसेल, कारण आईच्या हातातला डाव अजून बाबांच्या वाटीवरच होता.

"नागरवाड्यात नव्हती," बाबा आईला म्हणाले. "तिच्या गावात असणार. तिथलं वीजघर आम्ही मोठं ठेवलंय." मग त्यांनी वाटी जवळ ओढली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हां, सांग. किती कमानींचा पूल?"